जहागीरदाराची हुर्यो

सिरिल हार्डकासल घरात फारसा बोलत नसे. थ्रॉसलडेन गावात ज्यांची उमर कापडगिरणीत गेली त्यांतले बरेच पुरुष असेच. दिवसभर मागांचा खडखडाट, त्यात बोललेलं शेजारच्यालाही ऐकू जात नाही. मग संध्याकाळी घरी आल्यावरही जीभ आपली बंदच. त्यामुळे नोरीनचा संसार नवऱ्याच्या शब्दांवर कधी चाललाच नाही. तो चालला त्याच्या घशातून, नाकातून आणि दातांच्या फटीतून निघणाऱ्या आवाजांवर. "हं" म्हणजे ऐकलं. "हंऽऽ" म्हणजे ऐकलं, पण पटलं नाही. "अं?" म्हणजे इतका वेळ ती भिंतीशी बोलत होती. चहाचा पहिला घोट पोटात गेला की "आहा", खिडकीबाहेर रिपरिप सुरू झाली की "च्च", आणि परसातल्या कोबीवर गोगलगाय सापडली की जे काही निघे, ते नोरीन चॅपलच्या बायकांना सांगत नसे.

"तुझं बरंय गं बाई," शेजारीण म्हणायची. "आमचा बोलून बोलून डोकं उठवतो."

"बदलायचा का? एक आठवडा," नोरीन विचारायची.

पण ते बोलण्यापुरतं. मागच्या खोलीत सिरिल नुसता खाकरला तरी तिला कळे, याला चष्मा सापडत नाहीये की पाठ धरलीय. उत्तर द्यायलाही ती उठत नसे. "डोक्यावर आहे!" एवढंच इथून ओरडायची, आणि तिकडून "अरेच्चा" यायचं.

आणि हाच माणूस दर जानेवारीत, चॅपलच्या हॉलमध्ये, असा गरजायचा की खिडक्यांची तावदानं थरथरत.

जानेवारीत हॉलमध्ये नाटक होई. गोष्ट दरवर्षी निराळी असली तरी माणसं तीच: एक गरीब विधवा, जिचं काम नेहमी एखादा दांडगा पुरुषच करतो, तिची देखणी मुलगी, आणि त्या दोघींच्या मुळावर उठलेला एक दुष्ट. या नाटकात प्रेक्षक गप्प बसला तर नाटक पडलं म्हणायचं. दुष्ट आला की पहिल्या रांगेतल्या पोरांपासून शेवटच्या रांगेतल्या पणजीपर्यंत सगळ्यांनी "बूऽऽ" करून त्याची हुर्यो उडवायची. मुलगी रडली की "आऽऽ" करून हळहळायचं. कुणाच्या पाठीमागून चोरपावलांनी कुणी आलं की "मागे बघ, मागे!" म्हणून बोंब ठोकायची. आणि मुख्य म्हणजे, वरून कुणी काहीही म्हटलं की खालून उलट म्हणायचं. तो म्हणाला "मी जिंकलो," की हॉलने "छे छे, नाही!" त्याने "हो हो, जिंकलो," म्हटलं, की पुन्हा "छे छे, नाही!" थ्रॉसलडेनची पोरं पाढ्यांच्या आधी हे शिकतात.

सिरिल कित्येक वर्षं तो दुष्ट होता. यंदा जहागीरदार. काळा झगा, गुडघ्यापर्यंत बूट, आणि गोंदाने चिकटवलेल्या मिशा, ज्यांची टोकं पार कानाकडे वळलेली. जितकी हुर्यो मोठी तितका दुष्ट चांगला, असा तिथला हिशोब. आणि सिरिलएवढी हुर्यो त्या खोऱ्यात दुसऱ्या कुणाची उडत नसे. शेजारच्या गावचे लोक मुद्दाम बस करून त्याला "बू" करायला यायचे. नोरीनला त्याचा अभिमान होता आणि थोडा जळफळाटही. घरी "हं" आणि इथे ही एवढी भाषणं? त्यातली दोन वाक्यं घरी आणली असती तर काय झिजणार होता मेला!

तिला जानेवारीत आणखी एका गोष्टीचा त्रास व्हायचा. तिला ते खरं वाटायचं.

मागे एका वर्षी नाटकाच्या शेवटी दुष्टाने विहिरीत पडायचं होतं. विहीर पुठ्ठ्याची, मागे गादी टाकलेली, हे नोरीनला ठाऊक होतं; गादीचा अभ्रा तिनेच शिवला होता. पण सिरिल "आऽऽई गंऽऽ!" करून आत गेला मात्र, विंगेत कपडे सांभाळत बसलेली नोरीन "अगं बाई, सिरिल!" म्हणत धावली ती थेट रंगमंचाच्या मध्यावर. हातात कुणाचा तरी लांब पायमोजा. पुठ्ठ्याच्या विहिरीत वाकून तिने विचारलं, "लागलं का रे?" आणि आतून आवाज आला, "नोरीन, जा ना!"

त्यानंतर थ्रॉसलडेनने तिचं जगणं मुश्कील केलं. खाटकाच्या दुकानात ती शिरली की रांगेतून कुणीतरी "अगं बाई, सिरिल!" म्हणायचं आणि सगळं दुकान खिदळायचं. पोस्टातही तेच. शाळेतली पोरं तिच्या मागून "लागलं का रे?" करत जायची. तिने हसून घेतलं, पण घरी आल्यावर एकदा रडली. सिरिलने तेव्हा तिच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि शेजारी बसून राहिला.

नाटक बसवायच्या मिस क्रॉसली. अर्ध्या गावाला त्यांनीच अक्षरओळख करून दिलेली, त्यामुळे निवृत्त होऊनही त्यांच्यासमोर कुणी खिशात हात घालून उभं राहत नसे. त्यांनी नोरीनला बोलावून स्पष्ट सांगितलं, "नोरीन, विंगेत तू पुन्हा यायचं नाहीस. तिसऱ्या रांगेत बसायचं. प्रेक्षक करतात ते सगळे आवाज कर, अगदी खुशाल कर. पण तुझं ते 'अगं बाई' घरी ठेवून यायचं."

"हो बाई," नोरीन म्हणाली. पन्नाशी उलटलेली बाई, पण मान खाली घालूनच म्हणाली. तेव्हापासून तिने शब्द पाळला होता. सिरिलच्या अंगावर भिंत कोसळो, त्याला तोफेच्या तोंडी देवोत, ती तिसऱ्या रांगेत हातातली पिशवी आवळून धरायची आणि ओठ मिटून बसायची.

यंदा नाटकात एक नवीन गंमत घातली होती. विधवा टोपलीतून पोरांकडे पेपरमिंटच्या गोळ्या फेकते, तेवढ्यात जहागीरदार येतो, टोपली हिसकावतो आणि पोरांच्या डोळ्यांदेखत गोळ्या तोंडात टाकून मिटक्या मारतो. पोरांचा असा काही संताप व्हायचा की मागच्या शनिवारी एकाने त्याला बूट फेकून मारला होता. सिरिल त्या बुटावर बेहद्द खूश होता.

शेवटच्या प्रयोगाच्या सकाळी नोरीनने त्याच्या ताटात अंडी वाढताना विषय काढला.

"त्या गोळ्या खोट्या खोट्या खाल्ल्यास तर चालणार नाही का?"

"छे."

"अरे, नुसता हात तोंडाकडे न्यायचा. कोण बघतंय?"

"पोरं बघतात," सिरिल म्हणाला. "गाल फुगला नाही तर त्यांना कळतं."

"आणि तोंडात दोन-दोन गोळ्या घेऊन तू ते राक्षसासारखं हसतोस. घशात गेली म्हणजे?"

"हंऽऽ."

"ते तुझं हंऽऽ ठेव तुझ्याजवळ! मी तिथे खाली बसलेली असणार, आणि मला तर ब्र काढायची बंदी आहे."

सिरिलने अंड्यात पाव बुडवला, तिच्याकडे पाहिलं, आणि बहुधा तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "आहा." अंडं चांगलं झालं होतं. विषय संपला.

दुपारी हॉल खच्चून भरला. बाहेर बर्फाचा चिखल, आत ओल्या कोटांचा वास. पोरं खुर्च्यांवर गुडघे टेकून उभी, आया त्यांना खाली ओढतायत. नोरीन तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पहिला अंक झकास झाला. विधवेचं काम खाटीक बर्नार्ड अटलीचं; छातीत दोन उशा, पायांत पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, डोक्यावर केसांचा डोंगर. तो नुसता वळला तरी हशा पडत होता. मधल्या सुट्टीत चहा झाला, मांसाच्या सारणाचे पोर्क-पाय खाऊन झाले, आणि पडदा पुन्हा वर गेला.

बर्नार्डने टोपली आणली. "या गं माझ्या सोन्यांनो! कुणाला हव्यात गोळ्या?"

"मलाऽऽ!"

गोळ्या उडाल्या. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. आणि तेवढ्यात डावीकडून काळा झगा फडफडला.

"बूऽऽऽ!"

काय हुर्यो होती! शेवटचा प्रयोग म्हणून गावाने घसा राखून ठेवला होता. सिरिलने ती सगळी शांतपणे अंगावर घेतली, मिशीला पीळ दिला, बर्नार्डच्या हातातली टोपली ओढली आणि मूठभर गोळ्या वर धरल्या.

"या आता माझ्या!"

"छे छे, नाही!"

"हो हो, माझ्याच!" त्याने दोन गोळ्या तोंडात कोंबल्या. गाल टम्म फुगले. "अहाहाहा! काय गोड! तुम्हाला एकसुद्धा नाही!"

पोरं किंचाळत होती. सिरिलने झगा मागे टाकला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि ते प्रसिद्ध हसणं सुरू केलं. ते खालून, पोटातून निघायचं आणि चढत चढत जायचं. अगदी वर पोचलं की तो मान मागे टाकायचा. त्याने मान मागे टाकली, आणि हसणं मध्येच तुटलं.

त्याचा हात गळ्याकडे गेला. डोळे मोठे झाले. हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला. पोरांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. चोरून खाल्लं, बरं झालं, अद्दल घडली!

"काय रे जहागीरदारा, जीभ गिळलीस का?" बर्नार्डने ऐन वेळी जोडून दिलं, आणि हशा आणखी चढला.

नोरीनने वाट पाहिली. त्याला ठसका लागला की आधी एक बारीक "अह" येतं, मग खोकला, मग स्वतःवरच चिडून "च्च". ती "अह"ची वाट बघत राहिली. "अह" आलं नाही. त्याचं तोंड उघडं होतं, छाती ओढल्यासारखी वर जात होती, आणि आवाज कसलाच नव्हता. घरात मुलखाचा अबोल म्हणून ज्याची ख्याती, तो माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरोखर गप्प झाला होता.

ती उभी राहिली.

"खाली बस गं!" मागून कुणीतरी म्हणालं. विंगेतून मिस क्रॉसलींचं बोट वर झालं. त्या बोटाने तिला लहानपणी कितीदा तरी जागेवर बसवलं होतं. ती खरंच निम्मी खाली वाकली. मनात आलं, पुन्हा हसतील. पुन्हा दुकानात, पुन्हा पोस्टात. आणि हे नाटकातलंच असेल तर सिरिल महिनाभर "हं"सुद्धा म्हणणार नाही.

वर सिरिलचे गुडघे वाकले. त्याने तिच्याकडे पाहिलं. दुष्टाची नजर प्रेक्षकांवरून फिरते तसं नव्हे; खुर्च्यांमधून वाट काढत, शोधत, तिच्यावर येऊन थांबली.

"अगं बाई, सिरिल!" नोरीन ओरडली, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. दोन वर्षं ज्याची वाट बघितली तेच पुन्हा!

"त्याच्या घशात अडकलंय!" ती खुर्च्यांमधून पुढे धावली.

"छे छे, नाही!" हॉल गरजला.

"अहो, खरंच अडकलंय! त्याला श्वास येत नाहीये!"

"छे छे, येतोय!"

"हे नाटक नाहीये!"

"छे छे, आहे!"

पोरं आनंदाने उड्या मारत होती. आया हसता हसता डोळे पुसत होत्या. बर्नार्डने कमरेवर हात ठेवून मान वेळावली, "आली बाई बायको सोडवायला!" आणि सिरिल त्याच्या मागे, झग्याच्या ढिगाऱ्यासारखा खाली बसत चालला होता. नोरीन रंगमंचाच्या कडेशी पोचली. कडा छातीपर्यंत उंच. ती हॉलकडे वळली. सगळी ओळखीची तोंडं, सगळी उघडी, सगळी हसणारी. काय सांगावं यांना? जे सांगू त्याच्या उलट बोलायचं, हे तर यांच्या हाडात भिनलेलं.

तिचा संताप असा उसळला की तिला स्वतःलाच कळेना आपण काय बोलतोय.

"बरं बाबांनो, बरं!" ती किंचाळली. "काहीएक झालेलं नाही त्याला! ठणठणीत आहे माझा नवरा!"

"छे छे, नाही!"

सवयीने निघालं ते. पोरं पूर्ण जोरात ओरडली. पण मोठ्यांचे आवाज मधेच अडखळले, कारण आपण काय म्हटलं ते आपल्याच कानांनी ऐकलं होतं. ठणठणीत नाही. कुणीतरी पुढचं हसणं गिळलं. मग मागच्या रांगा गप्प झाल्या, मग पोरं आयांची तोंडं बघून गप्प झाली, आणि हॉलमध्ये अशी शांतता पसरली की कोपऱ्यातल्या चहाच्या भांड्याची उकळी ऐकू येऊ लागली. रंगमंचावरून मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

बर्नार्डने मागे वळून पाहिलं. रंगाखाली सिरिलचे ओठ जांभळे पडले होते.

"अरे देवा," बर्नार्ड म्हणाला. स्वतःच्या, खऱ्या, जाड्या आवाजात.

त्या आवाजाने सगळं गाव एकदम उठलं. पण बर्नार्ड आधीच पोचला होता. त्याने सिरिलला कमरेतून उचलला, एखादा बोकड खांद्यावर घ्यावा तसा पालथा केला आणि पाठीवर एक दणका घातला. काही नाही. दुसरा घातला. केसांचा डोंगर त्याच्या डोळ्यांवर घसरला. तोवर नोरीन पियानोच्या स्टुलावर पाय देऊन, गुडघे खरचटत वर चढली होती. "मार ना रे जोरात! खाटीक आहेस ना?" ती ओरडली. बर्नार्डने छातीतली एक उशी उपटून फेकली, हात मोकळा केला आणि असा तडाखा दिला की स्वतःच कळवळला.

गोळी सुटली. ती फळ्यांवर टपटपत गेली आणि खाली पियानोच्या पट्ट्यांवर पडून एक बारीकसा सूर वाजला.

मग आला तो आवाज. "हॅऽऽऽक!" दार करकरावं तसा, आत ओढलेला, अगदी घाणेरडा. नोरीनने आयुष्यात इतकं सुंदर काही ऐकलं नव्हतं. त्यामागून खोकला आला, आणखी खोकला, आणि शेवटी, फळ्यांवर दोन्ही हात टेकून बसलेल्या जहागीरदाराच्या तोंडून, स्वतःवर वैतागलेलं एक फाटकं "च्च".

"हुश्श!"

सगळ्या हॉलने तो श्वास एकदम सोडला. कुणी ठरवून नाही, कुणाच्या इशाऱ्याने नाही. खुर्च्यांवर माणसं धपाधप बसली. एक बाई हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. दोन पुरुष, जे चॅपलच्या छपराच्या वादावरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, एकमेकांचे हात धरून उभे होते. लक्षात आल्यावर त्यांनी सोडले, पण जरा वेळाने. बर्नार्ड पट्ट्यापट्ट्यांचे पाय पसरून रंगमंचावर फतकल मारून बसला आणि एका उशीच्या छातीने "हुश्श, हुश्श" करत राहिला. पडदा कुणीतरी घाईने पाडला.

पडद्यामागे गावची नर्स आली, तिने सिरिलचा घसा बघितला, नाडी बघितली, चार वेळा श्वास घ्यायला लावला. "काही नाही, ओरखडा आहे. दोन दिवस मऊ खा," म्हणाली, आणि मग स्वतःच धपकन खुर्चीत बसली म्हणून तिलाही चहा दिला. चहात सगळ्यांनी खच्चून साखर घातली.

नोरीनचं तोंड सुटलं होतं. "गाढवा! मूर्खा! सकाळी सांगितलं होतं ना? गाल फुगायला हवेत म्हणे! फुगले ना? झालं समाधान?" ती त्याच्या मिशा ओल्या फडक्याने पुसत होती आणि पुसता पुसता त्या आणखी वाकड्या करत होती. "माझा विचार आला का मनात? एकदा तरी?"

"आला," सिरिल म्हणाला.

आवाज घोगरा, कष्टाचा. नोरीनचा हात थांबला.

"मला वाटलं, मी चाललो," तो म्हणाला. "सगळी हसत होती. मग तू उभी राहिलेली दिसलीस. म्हटलं, आता नाही जात."

एवढं सलग तो घरात शेवटचं कधी बोलला होता हे नोरीनला आठवेना. तिने ओलं फडकं स्वतःच्याच तोंडावर धरलं आणि त्यात मनसोक्त रडली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सिरिल तिच्या पाठीवर थोपटत राहिला, दोन थोपटण्यांच्या मध्ये खोकत.

मिस क्रॉसली दोन पावलांवर उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. "नोरीन, मी तुला बस म्हणून खूण केली," त्या म्हणाल्या.

"हो बाई."

"बसली नाहीस, देवाची कृपा."

"निम्मी बसले होते, बाई," नोरीन म्हणाली, आणि दोघींनाही एकदम हसू फुटलं. जरा भेसूरच, पण हसू. मग मिस क्रॉसलींनी डोळे टिपले आणि पाठ ताठ केली. "मी लोकांना घरी पाठवते. प्रयोग संपला."

"छे," सिरिल म्हणाला.

"काय छे?" नोरीन भडकली.

"पोरं." त्याने पडद्याकडे बोट केलं. पलीकडे कुजबुज होती, आणि एक लहान मूल हमसून रडत होतं. "मेला म्हणून रडतायत. अशी घरी जाऊ द्यायची?"

नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. रंग वाहिलेला, एक मिशी वर, एक खाली, डोळे लाल. नको म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते रडणारं मूल तिलाही ऐकू येत होतं.

"ओरडायचं नाही," ती म्हणाली. "हसायचं नाही. आणि तोंडात काहीही गेलेलं दिसलं तर मी स्वतः वर येऊन तुझा जीव घेईन."

"हं."

ती तिसऱ्या रांगेत परत आली तेव्हा माणसं तिच्यासाठी उभी राहिली. कुणीतरी तिची पिशवी उचलून खुर्चीवर नीट ठेवली होती.

पडदा वर गेला. जहागीरदार डावीकडून आला, मधोमध उभा राहिला, टाच आपटली.

"मी परत आलोय!"

आवाज चिंधीसारखा फाटका. आणि "बू" झालंच नाही. "ओऽऽऽ!" सगळा हॉल विरघळला, पाळण्यातल्या बाळाकडे बघून करतात तसा. मग टाळ्या. टाळ्या थांबेनात. म्हाताऱ्या रुमाल हलवू लागल्या. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी खुर्चीवर उभी राहून म्हणाली, "आजोबा, अजून दुखतंय का?"

सिरिलने मिशीला पीळ द्यायचा प्रयत्न केला. मिशी हातात आली.

"मी दुष्ट आहे," तो म्हणाला.

"छे छे, नाही!" हॉल म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते खरोखर म्हणायचं होतं.

सिरिल उभा राहिला, मिशी हातात घेऊन. झगा त्याच्या अंगावर एकदम मोठा दिसू लागला. त्याने पुढचं वाक्य म्हटलं, त्यालाही टाळ्या पडल्या. मुलीला पळवून नेतो म्हणाला, तर कुणीतरी "सावकाश, सिरिल!" म्हणालं. बर्नार्ड त्याला खुर्ची आणून देऊ लागला. आणि नोरीनला दिसलं, की हा माणूस घशातल्या गोळीने मेला नाही, पण या मायेने मरेल. उद्यापासून गाव त्याला रस्त्यात हाताला धरून पलीकडे नेईल. दुकानात त्याला पुढचा नंबर देईल. पुढच्या जानेवारीत दुसरा कुणी काळा झगा घालेल, आणि सिरिल तिसऱ्या रांगेत तिच्या शेजारी गुडघ्यांवर शाल घेऊन बसेल.

तो तिच्याकडे बघत नव्हता. पायाखालच्या फळ्यांकडे बघत होता.

नोरीन उभी राहिली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, आता काय झालं म्हणून काळजीने. तिने पिशवी खाली टाकली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छातीत होता नव्हता तो सगळा वारा बाहेर सोडला.

"बूऽऽऽऽऽ!"

तिचं तिलाच नवल वाटलं, केवढं निघालं ते. त्यात मघाची भीती होती, सकाळचं अंडं होतं, तीस वर्षांच्या "हं"वरचा राग होता, आणि तो उभा आहे, श्वास घेतोय, उद्याही चहा पिणार आहे, याचा असा काही आनंद होता की तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायलाही फुरसत नव्हती. श्वास घेऊन तिने पुन्हा सुरुवात केली. एकटीच.

मग पहिल्या रांगेतली चिमुरडी मागे वळली, तिने नोरीनकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं, आणि बारीक आवाजात "बू" केलं. मग पोरांची सगळी रांग. मग आया, मग गिरणीतले म्हातारे, मग पार मागच्या भिंतीपर्यंत. छपरावरचा बर्फ घसरावा अशी हुर्यो उठली.

सिरिलने मान वर केली. सुटलेली मिशी ओठावर दाबून बसवली, झगा झटकला, छाती काढली, आणि थेट तिसऱ्या रांगेकडे बघून दुष्टासारखी मूठ नाचवली.

नोरीन आणखी जोरात ओरडली.